शहाण्णवाचे बारा

आमच्या केंद्रात कुणी बरं व्हायला येत नाही. मोठ्या हॉस्पिटलांनी हात टेकले की कॅन्सरचा पेशंट आमच्याकडे येतो. इथे सोळा खाटा आहेत, दुखणं आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत, खिडक्यांना धुतलेले पडदे आहेत आणि दर बुधवारी अकरा वाजता मीटिंग आहे. औषधं कधीमधी उशिरा येतात, पडदे तर लाँड्रीतून महिना महिना परत येत नाहीत. मीटिंग मात्र आजतागायत चुकलेली नाही.

मीटिंगचा विषय एकच: कोण किती दिवस काढणार. मुख्य कार्यालयाचा नियम असा, की ज्याचे नव्वदपेक्षा कमी दिवस उरलेत त्यालाच खाट द्यायची. म्हणजे दाखल करतानाच डॉक्टरांनी आकडा लिहायचा. 'काही आठवडे' असं लिहून भागत नाही, कॉम्प्युटर ते घेत नाही. मग दर बुधवारी तो आकडा तपासायचा, आणि माणूस गेला की अंदाज आणि प्रत्यक्ष यातली तफावत काढून वर कळवायची. या तफावतीचा तक्ता व्यवस्थापकांच्या खोलीत भिंतीवर लावलाय. आमचे व्यवस्थापक मनाने वाईट नाहीत. पण एखादा पेशंट अंदाजाच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे गेला, की त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरतं ते नातेवाइकांना दिसू नये म्हणून मला मध्ये उभं राहावं लागतं.

मी इथली हेड सिस्टर. बावीस वर्षं झाली. डॉक्टर मला नऊ वर्षं ज्युनिअर, हुशार, हाताला गुण असलेले. पण आकडा सांगायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. पेशंटने दोनदा हसून "डॉक्टर, जेवलात का?" विचारलं, की हे त्याला महिना बहाल करून मोकळे. ते चाळीस म्हणाले की पेशंट विसाव्या दिवशी जाणार, हे मला पहिल्या दोन वर्षांतच कळून चुकलं होतं. म्हणून नातेवाइकांनी दाराबाहेर गाठून विचारलं, की मी डॉक्टरांच्या आकड्याला गुपचूप दोनाने भागायचे आणि सांगायचे. डॉक्टरांचा मान राहायचा, लोकांची कामं व्हायची. याची कुठे वाच्यता केली नाही. मला वाटायचं, एवढी अक्कल या इमारतीत एकट्या माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयाने एक तज्ज्ञ पाठवला. दोन तास पडद्यावर आलेख दाखवून त्याने सांगितलं, की बहुतेक डॉक्टर दुपटीने फुगवून सांगतात, आणि पेशंटशी जितकी जास्त ओळख तितका अंदाज जास्त चुकतो. हे त्याने आमच्या डॉक्टरांकडे बघत सांगितलं. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. व्यवस्थापकांनी सगळं लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी बाबा तू विमानाने आलास? मला फोन केला असतास तरी चाललं असतं.

त्यानंतर चार महिन्यांनी, एका बुधवारी, मास्टर आले.

मास्टर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं सूट शिवलेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना वेदनेने डोळे मिटलेले, पण डॉक्टर तपासायला वाकले तसे त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, की तुमच्या कोटाचा डावा खांदा पडतोय, कापणाऱ्याने घाई केलीय. डॉक्टर खो खो हसले. मी तिथेच समजले, की आता आकडा फुगणार.

दुपारी कॉम्प्युटरमधून खाटांची यादी छापून माझ्या टेबलावर आली. मास्टरांसमोर लिहिलं होतं: चोवीस.

तासाभरात फोन आला. मास्टरांची एकुलती एक मुलगी, मालवाहू जहाजावर इंजिनीअर. आवाज तुटत होता, पण बोलणं स्वच्छ. जहाज दुरुस्तीसाठी गोदीत लागतंय, तिथे बारा दिवसांची सुट्टी मिळू शकते. नाहीतर पाच आठवड्यांनी पुढच्या बंदरावर, तीही बाराच दिवसांची. दोन्हीकडे नाही. एकदा परतली की चार महिने समुद्रावर. कॅप्टनला संध्याकाळपर्यंत काय ते सांगायचं होतं.

"आईच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी पोचले," ती म्हणाली. "घरात कपाटं आवरणं चाललं होतं. या वेळी शेवटच्या क्षणी मला बाबांजवळ असायचंय सिस्टर, बाकी काही नको. मला डॉक्टरांचा आकडा नका सांगू. तुमचा सांगा."

डॉक्टरांचा नको, तुमचा! बावीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. मी यादीकडे बघितलं आणि चोवीसला दोनाने भागलं.

"बारा दिवस धरा," मी म्हणाले. "आत्ताच या."

ती शनिवारी आली. रुंद खांद्यांची, नखांत वंगणाच्या काळ्या रेषा, कितीही घासलं तरी न निघणाऱ्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने वडिलांचं मनगट धरलं आणि स्टुलावर बसली ती बसलीच. मरण आता येईल, मग येईल, म्हणून तिने डोळ्याला डोळा लावला नाही. मास्टरांची बिचाऱ्यांची पंचाईत झाली. दोन दिवसांत औषधाची मात्रा नीट बसली होती, दुखणं थांबलं होतं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना सडकून भूक लागली होती. पण मुलगी समोर रडवेला चेहरा करून बसलेली असताना माणूस दुसऱ्यांदा वाढून कसं मागणार?

"पोरी, जरा आडवी हो," ते तिला म्हणाले. "मी निघताना उठवीन तुला."

सोमवारी त्यांनी सुई-दोरा मागितला. मंगळवारी डॉक्टरांचा कोट उसवून मांडीवर घेतला. मग काय, वॉर्डात बातमी पसरायला वेळ लागतो होय? कुणाच्या पँटची शिवण, कुणाची चेन, समुपदेशक बाईंचे तर तीन ब्लाउज आले. फिजिओथेरपिस्ट व्यायामाच्या निमित्ताने येई आणि कॉलर उलटवून घेऊन जाई. मास्टर प्रत्येकाला तारीख द्यायचे आणि कुठलीही तारीख पाळायचे नाहीत. मुलगी स्टुलावर बसून बटणांची काजं करायला शिकली. हळूहळू ती हसायलाही लागली, आणि हसल्यावर अपराधी वाटून गप्प व्हायची.

बुधवारी सकाळी तिने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. बाबा आज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेले, असं सांगून म्हणाली, की बारातले सात गेले.

"तो आकडा तुम्ही कुठून आणलात सिस्टर?"

मी म्हटलं, बघते.

अकराच्या मीटिंगमध्ये मी सरळच विचारलं, मास्टरांना चोवीस दिवस कुणी दिले? डॉक्टर म्हणाले, चोवीस कुठले, मी तर अठ्ठेचाळीस लिहिले होते. व्यवस्थापकांना काहीतरी आठवलं. त्यांनी कपाटातून एक परिपत्रक काढलं. तज्ज्ञांच्या शिफारशीवरून मुख्य कार्यालयाने मास्टर आले त्याच आठवड्यापासून कॉम्प्युटरमध्ये सोय केली होती, की आमच्या केंद्राचा आकडा आला की तो आपोआप निम्मा व्हावा. परिपत्रक कॉम्प्युटरबद्दल आहे, माणसांना दाखवायची गरज नाही, असं समजून व्यवस्थापकांनी ते फाइलला लावलं होतं.

डॉक्टर खुर्चीत खचले. म्हणाले, तज्ज्ञ येऊन गेल्यापासून मी स्वतःच निम्मं करून लिहितोय. मनात आले होते शहाण्णव, म्हणून अठ्ठेचाळीस लिहिले. लाजेखातर कुणाला बोललो नाही.

मग सगळे माझ्याकडे वळले. मूग गिळून बसण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, की चोवीसचे बारा मी केले, आणि ती मुलगी माझ्या बारावर विसंबून समुद्रावरून आलीय.

डॉक्टर, मुख्य कार्यालय आणि मी, तिघांनीही आपापल्या जागी आकडा सुधारला होता आणि तिघांनीही एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता. समुपदेशक बाई, ज्यांना कशातही चांगलं काहीतरी सापडतं, त्या म्हणाल्या की निदान आपण सगळे एकाच दिशेने चुकलो.

व्यवस्थापकांना काळजी वेगळीच. चोवीसचे अठ्ठेचाळीस करायचे तर कॉम्प्युटरमध्ये शहाण्णव घालायला हवेत, आणि नव्वदच्या वर आकडा गेला की पेशंट अपात्र ठरून खाट जाते. शेवटी त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावून ती निम्म्याची सोय बंद करवली आणि बदलाचं कारण निवडायला घेतलं. यादीत कारणं तीनच होती: प्रकृतीत सुधारणा, प्रकृतीत बिघाड, मृत्यू. मूर्खपणा नव्हतं. त्यांनी 'सुधारणा' निवडलं. दुसऱ्या दिवशी वरून अभिनंदनाचा निरोप आला.

मी माझ्या टेबलाशी बसून खाटांच्या यादीच्या मागच्या बाजूला हिशेब केला. अठ्ठेचाळीस खरे धरले, तर पाच आठवड्यांनी पुढच्या बंदरावर उतरणं बरोबर होतं. तेव्हा आली असती तर शेवटपर्यंत राहिली असती. आणि मी तिला आत्ता बोलावलं. माझ्या अकलेने. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, बाहेर जाऊन जहाजावर फोन केला, परत आली. पुढच्या बंदरावरची सुट्टी दुसऱ्याला दिली गेली होती. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, की मग बाबांना यातलं काही कळू देऊ नका.

पण मास्टरांना कळलं होतंच. वॉर्डात पडदे असतात, भिंती नसतात. मी दुपारची औषधं द्यायला गेले, माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी सुई वर करून मला थांबवलं.

"चाळीस वर्षं मी तारखा दिल्यात, सिस्टर. गिऱ्हाईक विचारायचं, सूट कधी मिळेल? मी आधी विचारायचो, घालायचाय कधी? ते कळल्याशिवाय मी कधी तारीख दिली नाही. तुम्ही सगळे मिळून माझे दिवस मोजलेत. मला ते कशासाठी हवेत, हे एकाने विचारलं नाही."

मी विचारलं, "कशासाठी हवेत?"

"ती इथे असताना मला चालता यावं, जेवता यावं, तिची चेष्टा करता यावी, एवढ्यासाठी. ते मिळाले. तुम्ही चुकून बरोबर बोलावलंत. शेवटी काय बघणार होती ती? मी घोरत पडलेला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे तिला सांगू नका. तिला तेच हवंय. आईचं राहून गेलं ना."

पुढचे पाच-सहा दिवस त्यांनी बाकी सगळ्यांची कामं बाजूला सारली आणि मुलीचा इंजिनखान्यात घालायचा बॉयलर सूट घेतला. पुरुषांच्या मापाचा, खांद्यात बरोबर आणि कमरेला पोतं. त्यांनी तो पूर्ण उसवला. ती समोर उभी राहायची, ते बसल्या बसल्या टाचण्या लावायचे, आणि दोघं कडाकडा भांडायची. खिसा कुठे हवा यावरून एक अख्खी दुपार भांडण चाललं. इंजिनखान्यात वाकताना काय लागतं, हे शिंप्याला कळतं की इंजिनीअरला? शेजारच्या खाटेवरच्या आजी, ज्यांना बोलायचंही त्राण नव्हतं, त्या हाताने खूण करून खिसा डावीकडे घ्या म्हणाल्या.

ती गेली त्या दिवशी मास्टर दारापर्यंत चालत आले, कठडा धरून. मी तिला फाटकाशी सोडायला गेले. पिशवी खांद्यावर घेऊन ती थांबली.

"माझ्या जागी तुम्ही असाल? त्या वेळी?"

"असेन," मी म्हणाले. काही भागलं नाही, काही गुणलं नाही. सरळ शब्द दिला.

त्यानंतर मास्टर दिवसादिवसाने उतरत गेले. दर बुधवारी डॉक्टर त्यांचे दिवस वाढवायला बघायचे आणि मी अडवायचे, म्हणून आकडा अठ्ठेचाळीसच राहिला. चौथ्या आठवड्यात त्यांनी दुकानापर्यंत जाणं सोडलं, पाचव्यात डॉक्टरांचा कोट पुरा केला, सहाव्यात जेवण सोडलं. मी माझ्या सुट्ट्या रद्द केल्या. त्यांच्या खाटेशी खुर्ची टाकून तिथेच बसून कागद भरायला लागले. लोक म्हणायचे, सिस्टर, घरी जा. मी ऐकून सोडून द्यायचे.

एकोणपन्नासावा दिवस बुधवार होता. सकाळी मी आले तेव्हा पावलं गार होती आणि श्वास थांबून थांबून येत होता. मला कळायचं ते कळलं. आज. मी खुर्ची जवळ ओढली.

अकराला पाच कमी असताना व्यवस्थापक डोकावले. मी म्हटलं, मी येत नाही. ते अवघडले. म्हणाले, अठ्ठेचाळीस काल संपले. आज नवा आकडा गेला नाही तर कॉम्प्युटर मास्टरांची खाट रिकामी समजेल, आणि तुमच्या सहीशिवाय आकडा जात नाही. औषधंसुद्धा खाटेच्या नावावर निघतात सिस्टर, ती बंद होतील. दहा मिनिटांचं काम.

मी गेले. टोकाला मावशी फरशी पुसत होत्या, त्यांना म्हटलं जरा लक्ष ठेवा. दुसरी सिस्टर ड्रेसिंगमध्ये अडकली होती. मी मास्टरांच्या हातावर हात ठेवला, आलेच म्हणाले, आणि गेले. त्याचं मला आजही समर्थन करता येत नाही.

मीटिंगमध्ये डॉक्टर तो कोट घालून बसले होते. दोन्ही खांदे अगदी बरोबर. ते म्हणाले, चौदा दिवस. समुपदेशक बाई म्हणाल्या, बारा. फिजिओथेरपिस्ट, नव्या कॉलरमध्ये, म्हणाला दहा. सात आठवड्यांत मास्टरांनी सगळ्यांना चांगलंच ओळखीचं करून घेतलं होतं. मी म्हटलं, शून्य, आणि मला जाऊ द्या. व्यवस्थापक म्हणाले, शून्य कॉम्प्युटर घेत नाही, पण सरासरीत धरता येईल. मग त्यावर चर्चा झाली, की शून्य धरलं तर भागायचं तिनाने की चाराने. शेवटी चाराने भागलं. माझ्यासमोर कागद आला, मी सही केली, आणि पेन खाली ठेवते तोच मावशी पोछ्यासकट दारात उभ्या राहिल्या.

"मास्टर गेले वाटतं," त्या म्हणाल्या. "मी पुसत पुसत खाटेपाशी आले तर हालचाल नाही."

घड्याळात अकरा पंचवीस झाले होते.

अठ्ठेचाळीसचा अंदाज, प्रत्यक्ष एकोणपन्नास. एका दिवसाची तफावत. केंद्र सुरू झाल्यापासून इतका अचूक आकडा कुणाचा आला नव्हता. व्यवस्थापकांनी तक्त्यावर टिंब लावताना माझ्याकडे बघायचं टाळलं. पुढे डॉक्टरांच्या नावाने मुख्य कार्यालयाकडून प्रशस्तिपत्रही आलं. डॉक्टरांनी ते उघडलं नाही, तसंच खणात टाकलं.

दुपारी जहाजावर फोन लागला. मी सांगितलं. पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग तिने विचारलं, त्रास झाला का? मी म्हटलं नाही, आणि ते खरं होतं.

"तुम्ही होतात ना?"

हो म्हणणं सोपं होतं. समुद्रावर बसून तिला कुठून कळणार? तिला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण तिला बरं वाटावं म्हणून, तिचं काम व्हावं म्हणून मी एकदा माझ्या मनाने आकडा केला होता.

"नव्हते," मी म्हणाले. "कुणीच नव्हतं. आम्ही सगळे मीटिंगमध्ये होतो."

"कसली मीटिंग?"

"बाबा अजून किती दिवस काढतील, ते ठरवायची."

घरघर चालू राहिली.

"मग?" तिने विचारलं. "किती ठरले?"

"नऊ," मी म्हणाले.